डॉ. प्रफुल्लकुमार सेन आणि हृदयारोपण

आमच्या पाटस गांवावरून पुणें-सोलापूर हमरस्ता जातो, आणि टोलनाक्यापाशीं होणारी वाहनांची गर्दी आमच्या विद्यार्थ्यांच्या नित्य परिचयाची आहे. सोलापुरास कोणा मृत मनुष्याच्या आप्तांनीं त्याचे अवयव दान केले व ते पुण्यास न्यावयाचे असले, म्हणजे पोलीस हाच रस्ता रुग्णवाहिकेकरितां मोकळा करून देतात. याविषयीं वर्गांत बोलणें निघालें असतां एका विद्यार्थिनीनें विचारलें, "सर, मनुष्य तर गेलाच; मग आतां एवढी घाई कोणाची?" प्रश्न सरळ होता, परंतु त्याचें उत्तर एका तासिकेंत देणें आम्हांस साधलें नाहीं. तें येथें थोड्या विस्तारानें देण्याचें योजिलें आहे.

सर्वांत मोठी घाई असते ती हृदयाची. बर्फांत थंड ठेविलेलें मूत्रपिंड जवळजवळ एक दिवस टिकतें. हृदय मात्र सुमारें चार तासांच्या आंत नव्या शरीरांत धडधडूं लागलें पाहिजे. सोलापूर ते पुणें हें अंतर सुमारें अडीचशें किलोमीटर आहे. पुढील हिशेब विद्यार्थ्यांनीं स्वतःच करावा. मृताचें हृदय काढून दुसऱ्याच्या छातींत बसविण्याची क्रिया आपल्या देशांत प्रथम झाली ती मुंबईस, परळ येथील केईएम रुग्णालयांत, फेब्रुवारी १९६८ मध्यें. करणारे शस्त्रवैद्य डॉ. प्रफुल्लकुमार सेन. रुग्ण त्यानंतर सुमारें तीन तास जगला. हें ऐकून वर्गांत कोणी हळूच हंसलें. त्या हंसणाऱ्यावर आम्हीं रागावलों नाहीं, कारण तीन तासांत मोठेपण तें कोणतें, असें कोणासही वाटेल.

सेन यांचा जन्म १९१५ सालीं कलकत्त्यास एका बंगाली कुटुंबांत झाला. शालेय शिक्षण नागपुरास झालें. पुढें ते मुंबईच्या शेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयांत आले. हें महाविद्यालय व त्यास जोडलेलें केईएम रुग्णालय हीं दोन्ही १९२६ सालीं सुरू झालीं, आणि देणगीदारांची अट अशी होती कीं, येथील अध्यापक हिंदी लोकच असावेत व ते सरकारी नोकरींतील नसावेत. त्या काळीं वैद्यकीय शिक्षणांत वरच्या जागा बहुधा इंग्रज अधिकाऱ्यांच्या हातीं असत. आपल्या लोकांच्या हातून हें काम होईल, अशा विश्वासानें उभ्या राहिलेल्या या संस्थेंत सेन विद्यार्थी झाले, अध्यापक झाले आणि शेवटीं शस्त्रक्रिया विभागाचे प्रमुख झाले.

त्यांच्या रुग्णांपैकीं पुष्कळ गरीब घरचे असत. लहानपणीं घसा बसतो, ताप येतो, सांधे सुजतात, आणि बरें वाटलें म्हणून घरचीं माणसें तें विसरून जातात. परंतु त्या संधिवाती तापानें हृदयाची झडप आंतून आकसत जाते, आणि विसाव्या वर्षीं तोच मुलगा जिना चढतांना धापा टाकूं लागतो. (पालकांनीं मुलांच्या घशाच्या दुखण्याकडे दुर्लक्ष करूं नये, एवढें जातां जातां सांगून ठेवितों.) अशी आकसलेली झडप, हृदय चालू असतांनाच, त्याच्या कप्प्यांत बोट घालून मोकळी करावयाची, ही शस्त्रक्रिया १९५० नंतरच्या दशकांत केईएममध्यें होऊं लागली. तिच्या अग्रणींत सेन होते.

त्यांच्या बुद्धीची चाल कशी होती हें एका उदाहरणावरून कळेल. माणसाच्या हृदयाच्या स्नायूस रक्त मिळतें तें बाहेरून येणाऱ्या धमन्यांच्या वाटे. त्या तुंबल्या कीं स्नायू उपाशी मरतो. सापाचें हृदय निराळें आहे. त्याचा स्नायू स्पंजासारखा सच्छिद्र असून, कप्प्यांतील रक्त त्यांत थेट झिरपतें. सेन यांनीं विचार केला कीं, सापास जें जन्मतः मिळालें तें माणसास सुईनें देतां येईल काय? हृदयाच्या भिंतींत बारीक छिद्रें पाडण्याची ही कल्पना त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं प्रयोगशाळेंत तपासून १९६५ सालीं प्रसिद्ध केली. पुढें परदेशांत लेसर किरणांनीं तशींच छिद्रें पाडण्याची पद्धति निघाली. आमच्याकडे उसाच्या फडांत साप निघाला कीं काठ्या घेऊन धांवणारे पुष्कळ दिसतात; त्याच्या हृदयाचा अभ्यास करूं म्हणणारा विरळाच!

आतां हृदयारोपणाकडे वळूं. ३ डिसेंबर १९६७ रोजीं दक्षिण आफ्रिकेंत केप टाऊन येथें डॉ. ख्रिश्चन बर्नार्ड यांनीं माणसाच्या हृदयाचें पहिलें आरोपण केलें. तो रुग्ण अठरा दिवस जगला. नंतर अमेरिकेंत कॅन्ट्रोविट्झ व शमवे यांनीं तशाच शस्त्रक्रिया केल्या. केईएममधील आरोपण जगांतील सहावें होतें. येथें कोणीं असें समजूं नये कीं, वर्तमानपत्रांतील बातमी वाचून मुंबईनें उडी घेतली. डॉ. गुरुकुमार परुळकर आदि सहकाऱ्यांसह सेन यांचे प्राण्यांवरील प्रयोग त्यापूर्वीं कित्येक वर्षें चालूं होते. जुन्या हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांच्या पाठीमागच्या भिंती जागेवर ठेवावयाच्या, त्यांस नव्या हृदयाचे कप्पे शिवावयाचे, मग दोन मोठ्या धमन्या जोडावयाच्या. आणि तोंवर शरीरास रक्त पुरवावयाचें तें यंत्रानें. ही शिवण हातांत बसलेली होती.

आणखी एक ओझें त्या हातांवर होतें. मेंदू मेला असतां मनुष्य मेला असें मानावें कीं नाहीं, याविषयीं आपल्या देशांत तेव्हां कायदाच नव्हता. अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठाच्या समितीनें मेंदूच्या मृत्यूचीं लक्षणें प्रसिद्ध केलीं तीं देखील ऑगस्ट १९६८ मध्यें, म्हणजे परळच्या शस्त्रक्रियेनंतर सहा महिन्यांनीं.

मग चुकलें कोठें? हें समजावें म्हणून आम्हीं खाटकाकडून बकऱ्याचें हृदय आणविलें व तें वर्गांत उभें कापलें. मुलांनीं पट्टीनें मोजलें तों डाव्या बाजूची भिंत उजवीच्या दुपटीहून जाड भरली. याचें कारण असें कीं, डावी बाजू सर्व शरीरास रक्त ढकलते, उजवी केवळ शेजारच्या फुप्फुसांस. तेथील दाब थोडा, म्हणून भिंतही पातळ. परंतु ज्याचें हृदय पुष्कळ दिवस दुबळें असतें, त्याच्या फुप्फुसांत रक्त तुंबून तेथील रक्तवाहिन्या आकसतात व दाब चढतो. त्याचें स्वतःचें हृदय त्या दाबास हळूहळू सरावलेलें असतें. दुसऱ्या निरोगी माणसाचें हृदय एकाएकीं तेथें आणून बसविलें, तर त्याची पातळ उजवी बाजू त्या दाबापुढें टिकत नाहीं. परळच्या रुग्णाचें असेंच झालें. शिवण तुटली नाहीं. नवें हृदय चालूं लागलें होतें. त्याच वर्षीं सेन यांनीं दुसरें आरोपण केलें. तोही रुग्ण एक दिवस पुरा जगला नाहीं. आज कोणाही रुग्णाची हृदयारोपणासाठीं निवड करण्यापूर्वीं बारीक नळी आंत सोडून फुप्फुसांतील हा दाब मोजतात, आणि तो फार असून औषधांनीं उतरत नसेल तर केवळ हृदय बदलीत नाहींत. हंसणारा विद्यार्थी ही पट्टी हातांत धरून बराच वेळ उभा होता.

१९६८ सालीं जगांत सुमारें शंभर हृदयारोपणें झालीं आणि बहुतेक रुग्ण थोड्याच दिवसांत दगावले, कारण शरीर परक्या अवयवास शत्रु समजून त्याचा नाश करितें. बहुतेक शस्त्रवैद्यांनीं तें काम सोडून दिलें. शमवे यांनीं सोडलें नाहीं. पुढें मातींतील एका बुरशीपासून सायक्लोस्पोरिन हें औषध निघालें, व १९८० नंतर हृदयारोपण पुन्हां सुरू झालें. सेन यांस १९६९ सालीं पद्मभूषण मिळालें. १९८२ सालीं ते वारले. मेंदूच्या मृत्यूस मान्यता देणारा कायदा आपल्या संसदेनें केला तो १९९४ सालीं, आणि त्याच वर्षीं ऑगस्ट महिन्यांत दिल्लीस डॉ. वेणुगोपाल यांनीं केलेलें हृदयारोपण यशस्वी झालें. तें पाहावयास सेन राहिले नव्हते.

केईएम रुग्णालयांत त्यानंतर हृदयारोपण झालें तें जुलै २०२४ मध्यें. मध्यंतरीं ५६ वर्षें गेलीं होतीं.