चिकणमाती आपलें मूळ गांव सांगते

महसुली दप्तरांत आम्हीं नोकरीचीं सर्व वर्षें घालविलीं. शेताच्या मालकीचा वाद पडला कीं जुने फेरफार काढावे, हा तेथील शिरस्ता. माती कोठून आली असा वाद पडल्यास मात्र दप्तर मातींतच शोधावें लागतें. तिचे अतिसूक्ष्म कण हेच तेथील कागद होत.

या कणांच्या तीन जाती ध्यानांत ठेवाव्या. आपल्याकडील काळा खडक कोरड्या हवेंत झिजला म्हणजे मुख्यतः स्मेक्टाइट होतो. हा पाण्यानें फुगतो व वाळतांच आकसतो. उन्हाळ्यांत काळींत पडणाऱ्या भेगा त्याच्याच. अभ्रकयुक्त खडकांपासून इलाइट मिळतो. तो फारसा फुगत नाहीं. उष्ण व अतिपावसाच्या मुलखांत खडकांतील क्षार धुऊन गेले कीं केओलिनाइट उरतो. चिनी मातींत मुख्य भाग त्याचाच. ही पारख डोळ्यांनीं होत नाहीं, क्ष-किरणांनीं करितात.

आपली पूर्णा सातपुड्यांत उगम पावून अमरावती-अकोल्याचा गाळ घेऊन चांगदेवाजवळ तापीस मिळते, व तापी सुरतेजवळून समुद्रास. खंबायतच्या आखाताबाहेरील सागरतळीं स्मेक्टाइट विपुल आहे. तो नर्मदा-तापींनीं काळ्या खडकाच्या मुलखांतून नेलेला. कच्छाकडे इलाइट अधिक. तो सिंधूनें हिमालयांतून आणलेला.

असाच गाळ पूर्वयुगांत दबून त्याचे पापुद्रे सुटणारे दगड झाले. त्यांतील कणांवरून लुप्त झालेल्या नद्यांचा व डोंगरांचा माग लागतो. मात्र एकाच साक्षीवर निकाल देऊं नये. खोल पुरलेला स्मेक्टाइट उष्णतेनें व पोटॅशच्या योगें इलाइट होतो. म्हणजे कागदावर मागाहून खाडाखोड होते. म्हणून जाणते वाळूचे कणही ताडून पाहतात.

आतां घरची गोष्ट. खारपाणपट्ट्यांतील मातींतही स्मेक्टाइटच भरलेला आहे. त्यास सोडियम चिकटला कीं कण सुटे होऊन छिद्रें बुजतात व पाणी मुरत नाहीं. अशा जमिनीस विहिरीचें खारें पाणी देणें म्हणजे ती हातानें गहाण टाकणें होय. जिप्सममधील कॅल्शियम सोडियमला हुसकून लावतो. परंतु निचरा नसेल तर तो सोडियम जाणार कोठें? यास्तव आधीं माती तपासून घ्यावी, मग चर काढावे व नंतर जिप्सम घालावें.

आणि पुरांत पूर्णा गढूळ झालेली दिसेल तेव्हां आठवावें, कीं तें आपलें शेतच सुरतेकडे चाललें आहे. सात-बारावर क्षेत्र तेवढेंच राहील, माती राहणार नाहीं. बांध धरावा, पेरणी उतारास आडवी करावी. समुद्रास गेलेला कण परत येत नाहीं.