विजेवरची मोटार : गैरसमज किती, फायदा किती?

जवाहरनगर म्हटले की आयुध निर्माणी आठवते. या वसाहतीच्या आधाराने आणि नागपूर-भंडारा महामार्गाच्या काठाने आपले अनेक बांधव छोटा-मोठा व्यवसाय करतात. कुणाचे कापडाचे दुकान, कुणाचे फर्निचरचे, कुणाचे गॅरेज, तर कुणाचा आठवडी बाजारातला फिरता धंदा. या सर्वांचा एक खर्च समान आहे, तो म्हणजे पेट्रोल-डिझेलचा. म्हणूनच विजेवर चालणाऱ्या मोटारीचा विषय निघाला की दोन टोकाची मते ऐकू येतात. एक म्हणतो, 'फुकटात चालते'. दुसरा म्हणतो, 'दोन वर्षांत भंगारात जाते'. वास्तविक दोन्ही मते चुकीची आहेत. व्यापाऱ्याने ऐकीव गोष्टीवर नव्हे, हिशेबावर निर्णय घ्यावा.

नागपूरचा अनुभव

आपल्यापासून पन्नासेक किलोमीटरवर हा प्रयोग मोठ्या गाजावाजाने झाला. २६ मे २०१७ रोजी नागपुरात केंद्रीय मंत्री नितीन गडकरी व तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते ओला कंपनीच्या विजेवरील टॅक्सींचा शुभारंभ झाला. महिंद्रा कंपनीच्या छोट्या मोटारी त्यात होत्या. परंतु २०१८ च्या सुरुवातीलाच अनेक चालक नाराज झाले. चार्जिंगची ठिकाणे थोडी, रांगा लांब आणि बॅटरी लहान. टॅक्सीवाल्याचा वेळ म्हणजेच त्याची कमाई. ती रांगेत जाऊ लागली. यावरून 'विजेची गाडीच खोटी' असा समज पसरला. खरा धडा वेगळा आहे. दिवसभर कुठेही धावणाऱ्या टॅक्सीला सार्वजनिक चार्जिंगशिवाय गत्यंतर नाही. उलट ज्याची गाडी रात्री स्वतःच्या अंगणात उभी राहते आणि ज्याचा रोजचा रस्ता ठरलेला आहे, त्याला ही अडचण सहसा येत नाही. दुकानदार बहुधा या दुसऱ्या प्रकारात मोडतो.

गैरसमज पहिला : गाडी मध्येच बंद पडेल

२०२२ साली आलेल्या टाटा टियागोच्या विद्युत आवृत्तीत २४ युनिटची बॅटरी घेतल्यास कंपनीच्या चाचणीचा आकडा ३१५ किलोमीटरचा होता. मात्र हा कागदावरचा आकडा आहे. वातानुकूलन, भर उन्हाळा, भरलेला माल व महामार्गावरचा वेग यांत तो बराच घटतो. म्हणून कागदावरच्या आकड्याचा साठ टक्के भागच आपला मानावा. तरीही जवाहरनगर ते नागपूर जाऊन-येऊन शंभरेक किलोमीटरचा प्रवास त्यात आरामात बसतो. भंडारा तर बारा-पंधरा किलोमीटरवरच आहे. परंतु दर आठवड्याला माल आणायला हैदराबाद किंवा रायपूरला जाणाऱ्याने घाई करू नये.

गैरसमज दुसरा : बॅटरी दोन वर्षांत जाते

हा समज ई-रिक्षावरून आला आहे. स्वस्त ई-रिक्षात शिसे-आम्लाची बॅटरी असते आणि ती साधारण वर्ष-दीड वर्षात थकते. मोटारीतली बॅटरी लिथियमची असते. तिच्यावर बहुतेक कंपन्या आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर, जे आधी होईल त्याची हमी देतात. तिची शक्ती हळूहळू कमी होते हे खरे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि अति उष्णता हा बॅटरीचा मोठा शत्रू आहे. म्हणून गाडी सावलीत लावावी, उन्हात तापून आल्यावर थोडी थंड होऊ द्यावी, मगच चार्जिंगला लावावी. रोज वेगवान चार्जर वापरण्यापेक्षा घरची संथ चार्जिंग चांगली. जुनी गाडी घेताना तर बॅटरीची तपासणी करून घेतल्याशिवाय सौदा करूच नये.

गैरसमज तिसरा : पावसात शॉक लागतो, उन्हात पेट घेते

बॅटरीची पेटी सीलबंद असते. २०२२ साली पुण्यासह काही ठिकाणी विजेवरच्या स्कूटरी पेटल्या. त्यानंतर सरकारने बॅटरीचे नियम कडक केले व ते डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. धोका असतो तो बनावट चार्जर, परस्पर जोडलेली बॅटरी व कच्च्या वायरिंगचा. पुराची गोष्ट मात्र वेगळी. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेच्या पुराने भंडाऱ्यात काय केले ते आपण विसरलेलो नाही. गाडी पाण्यात बुडाली असेल तर ती सुरू करू नये, चार्जिंगलाही लावू नये. आधी कंपनीच्या कारागिराला दाखवावी.

गैरसमज चौथा : चार्जिंगसाठी मोठा खर्च लागतो

घरच्या चालू मीटरवरून स्वतःची गाडी चार्ज करता येते. पंधरा अँपिअरचा पक्का सॉकेट, जाड वायर आणि चांगले अर्थिंग एवढे असले की रात्रभरात छोटी मोटार भरते. मंजूर भार कमी असेल तर महावितरणकडे अर्ज करून तो वाढवून घ्यावा. अर्थिंगच्या खर्चात मात्र काटकसर करू नये.

आता हिशेब

शंभर किलोमीटरचा हिशेब मांडू. पेट्रोल १०५ रुपये लिटर आणि गाडी सोळाची सरासरी देते असे धरल्यास सुमारे ६५५ रुपये लागतात. विजेची छोटी मोटार एका युनिटमध्ये साधारण सात किलोमीटर जाते. चार्जिंगमधली घट धरून शंभर किलोमीटरला सोळा-सतरा युनिट लागतील. घरची वीज दहा रुपये युनिट धरली तर १६५ रुपये. म्हणजे ४९० रुपयांची बचत. सार्वजनिक चार्जरवर वीस रुपये युनिट पडल्यास खर्च दुप्पट होऊन बचत सव्वातीनशेवर येते.

महिन्याला १२०० किलोमीटर फिरणारा व्यापारी वर्षाला सुमारे सत्तर हजार वाचवतो. पेट्रोलच्या गाडीपेक्षा अडीच-तीन लाख जास्त मोजले असतील तर ते चार वर्षांच्या आसपास वसूल होतात. पुढची बचत पदरात. पण जो महिन्याला तीनशेच किलोमीटर फिरतो, त्याची वर्षाची बचत साडेसतरा हजार. त्याच्या वसुलीला चौदा ते सतरा वर्षे लागतील. त्याने शेजाऱ्याकडे पाहून गाडी घेऊ नये. गाडी हप्त्याने घेतल्यास व्याजाची रक्कमही खर्चात मांडावी; अनेकदा सारी बचत तिथेच जिरते. विम्याचा हप्ताही आधी विचारून घ्यावा.

याशिवाय इंजिन ऑइल, फिल्टर, क्लच यांचा खर्च या गाडीला नाही. वस्तू व सेवा कर १ ऑगस्ट २०१९ पासून ५ टक्के आहे. २०२५ च्या राज्य धोरणात वाहन करातून सूट आहे. समृद्धी महामार्गावर विजेच्या प्रवासी मोटारींना टोल माफ करण्याचा निर्णय ऑगस्ट २०२५ मध्ये लागू झाला. मालवाहू गाड्यांना मात्र ही टोलमाफी नाही. मालासाठी विजेची तीनचाकी गाडी अर्धा टनाच्या आसपास ओझे नेते, आणि ऑक्टोबर २०१८ पासून बॅटरीवरील वाहनांना परमिटची अट नाही. कर-सवलती बदलत असतात, म्हणून खरेदीपूर्वी आर.टी.ओ. कार्यालयात खात्री करावी.

कारागिरांसाठी दोन शब्द

या गाडीत ऑइल नाही, प्लग नाही, सायलेन्सर नाही. म्हणजे गॅरेजवाल्याचे काही काम कमी होणार हे उघड आहे. पण टायर, ब्रेक, सस्पेन्शन, डेंटिंग-पेंटिंग राहतेच. वायरिंगचे काम तर वाढते. आय.टी.आय.मध्ये विद्युत वाहन मेकॅनिकचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. गॅरेजमध्ये हात बसलेल्या आपल्या मुलांनी तिकडे वळावे. एक सावधगिरी मात्र पक्की लक्षात ठेवावी : नारिंगी रंगाच्या केबलला प्रशिक्षणाशिवाय हात लावू नये. तिच्यातला दाब तीनशे व्होल्ट किंवा त्याहून अधिक असू शकतो आणि तो जीव घेऊ शकतो.

थोडक्यात, रोजचा रस्ता ठरलेला, रात्रीची जागा स्वतःची आणि महिन्याचे फिरणे हजार किलोमीटरच्या पुढे, या तीन अटी जुळत असतील तर ही गाडी धंद्याला हातभार लावेल. एकही अट जुळत नसेल तर थांबावे. बंधूंनो, गाडीच्या दुकानात जाण्यापूर्वी एक महिना वहीत रोजचे किलोमीटर आणि पेट्रोलचे पैसे लिहून पाहा. निर्णय ती वहीच सांगेल.