मोटारीचा वायपर : काढणे आणि बसविणे

मोटारीच्या एकूण किमतीत वायपरच्या रबरी पात्याचा वाटा इतका नगण्य असतो की, वाहनकर्ज घेताना, विमा उतरविताना किंवा नव्या गाडीची पूजा करताना कोणाचेही लक्ष तिकडे जात नाही. ते जाते पहिल्या पावसात, आणि तेव्हा गाडी भर रस्त्यात असते.

वाराणसीला बदली होऊन आल्यानंतरचा, सन २००८ च्या जूनअखेरचा प्रसंग आहे. पाहुण्यांना आणण्यासाठी आम्ही मुगलसराय स्थानकाकडे निघालो होतो. (२०१८ पासून हे स्थानक पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शन म्हणून ओळखले जाते.) वाटेत राजघाटचा मालवीय पूल लागतो. १८८७ साली खुल्या झालेल्या या पुलावर खालच्या मजल्यावरून रेल्वे आणि वरून रस्ता जातो. आम्ही पुलाच्या मध्यावर असताना सर आली. वायपर सुरू केले, तर काच स्वच्छ होण्याऐवजी तिच्यावर चिखलाचा अर्धवर्तुळाकार लेप चढला. समोरून येणाऱ्या दिव्यांचे त्या लेपावर शेकडो तुकडे झाले. पुलावर थांबण्यास जागा नव्हती. खिडकीतून डोके बाहेर काढून, भिजत, पायी चालण्याच्या वेगाने आम्ही पैलतीर गाठला.

दुसऱ्या दिवशी शाखेत ही हकीकत सांगितली, तेव्हा आमचे एक जुने खातेदार हसले. ब्रह्मघाट-दुर्गाघाट परिसरात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या मराठी कुटुंबांपैकी ते एक; शाखेत सारे त्यांना काका म्हणत. "अहो साहेब, काशीत वायपर पावसात मरत नाही, तो वैशाखात मरतो. तुम्हांला कळतं आषाढात, एवढंच," असे ते म्हणाले. त्यांच्या गल्लीत मोटार शिरत नाही. त्यामुळे गाडी दूर, मोठ्या रस्त्याच्या कडेला उन्हात उभी असते, आणि गाडीचे काय काय झिजते याचा त्यांचा अभ्यास दांडगा होता.

त्यांचे म्हणणे शास्त्राला धरून आहे. वायपरच्या पात्याची धार काचेवर ताठ उभी नसते. ती फिरण्याच्या विरुद्ध दिशेला किंचित कलून पाणी पुढे लोटते, आणि प्रत्येक फेरीच्या अखेरीस कलंडून दुसऱ्या अंगावर होते. हे कलंडणे रबराच्या लवचीकपणावर अवलंबून असते. मे-जूनमध्ये येथील पारा चाळीस अंशांच्या बराच वर असतो, लू वाहते, धूळ बसते. महिनोन्‌महिने एकाच कुशीवर दाबून राहिलेले रबर त्या तापाने कडक होते. मग धार कलंडत नाही. ती अडखळत, खरखरत उड्या मारते आणि मागे पाण्याच्या रेघा सोडते. धुळीने भरलेल्या कोरड्या काचेवर वायपर चालविला, तर ओरखडे पडतात ते निराळेच.

अमेरिकेतील अलाबामाच्या मेरी अँडरसन यांना १० नोव्हेंबर १९०३ रोजी काच पुसण्याच्या ज्या साधनाचे पेटंट मिळाले, ते आतून दांडी ओढून चालवावे लागे. आज आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०१ नुसार यंत्रशक्तीवर चालणारा कार्यक्षम वायपर आवश्यक आहे. 'कार्यक्षम' हा शब्द महत्त्वाचा. निकामी रबराचा वायपर त्यात बसत नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. प्रथम जुने पाते मोजावे. पात्यांची लांबी इंचांत सांगतात, आणि पुष्कळ गाड्यांत चालकाकडील पाते डावीकडच्यापेक्षा लांब असते. म्हणून दोन्ही मोजावीत. सांगाडा ठीक असेल, तर केवळ रबराची पट्टी बदलूनही भागते, पण गंजलेला किंवा खिळखिळा सांगाडा ठेवण्यात काटकसर नाही.

गाडी बंद करून दांडा काचेपासून उचलून उभा करावा. काही गाड्यांत दांडे बॉनेटच्या कडेखाली दडलेले असतात; ते वर आणण्याची रीत गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते, तेथे बळ लावू नये. सर्वसामान्य दांड्याचे टोक हुकासारखे वळलेले असते. पाते त्याच्याशी काटकोनात फिरविले की मधोमध प्लास्टिकचा छोटा खटका दिसतो. तो दाबून धरावा व पाते दांड्याच्या बुडाच्या दिशेने सरकवावे. हूक मोकळा होतो आणि पात्याच्या खाचेतून बाहेर काढता येतो. पहिली बाजू पूर्ण झाल्यावरच दुसरी उघडावी, म्हणजे जोडणी विसरल्यास नमुना समोर राहतो.

पाते निघाल्यावर उरतो तो उघडा धातूचा दांडा, आणि खरा धोका येथे आहे. त्याच्या बुडाशी जोरकस स्प्रिंग असते. धक्का लागताच तो फटकन काचेवर आदळतो. काकांनी हे बजावले होते. तरीही आम्ही नवे पाते वेष्टनातून काढण्याच्या नादात कोपर लावून घेतले आणि काचेवर तारा उमटला. तेव्हापासून पाते काढण्यापूर्वीच काचेवर जाड टॉवेलाची घडी अंथरतो, आणि दांडा त्या घडीवर अलगद टेकवून ठेवतो.

बँकेच्या वाचकांसाठी येथे थोडे विम्याविषयी. सर्वंकष पॉलिसीत अपघाताने फुटलेल्या काचेच्या भागांवर घसारा कापत नाहीत, रबर व प्लास्टिकच्या भागांवर मात्र पन्नास टक्के कापतात. वापराने झिजलेले पाते तर विम्यात येतच नाही. काचेचा दावा केल्यास सक्तीची वजावट सोसावी लागते, शिवाय संरक्षणाची जादा तरतूद घेतलेली नसेल, तर दावारहित बोनसही जातो. हा बोनस पहिल्या निर्धोक वर्षानंतर वीस टक्के असतो आणि वाढत वाढत पन्नास टक्क्यांपर्यंत पोहोचतो. आमची पाच वर्षांची पुंजी एका कोपराने घालविली.

नवे पाते उलट क्रमाने बसवावे : हूक खाचेतून घालून पाते वर ओढावे, खटका 'टक्' असा वाजला पाहिजे. हलके ओढून पाहावे. दांडा हातानेच काचेवर टेकवावा. मग काच धुऊन, पाणी उडवून वायपर चालवावा. नव्या रबराच्याही रेघा उठल्या, तर दोष बहुधा काचेवरील तेलकट थराचा असतो. तो साबणाच्या पाण्याने दोनतीनदा पुसल्यास जातो.

डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात याच पात्याची पुन्हा परीक्षा होते. मात्र काचेवर आतून साचलेले बाष्प वायपरने निघत नाही; त्यासाठी काचेवर वारा सोडण्याची सोय वापरावी.

काका हे काम वटपौर्णिमेला करीत. उत्तरेत वटसावित्री ज्येष्ठाच्या अमावास्येला होते आणि काशीतील मराठी घरांत पंधरा दिवसांनी पौर्णिमेला. तोवर लू ओसरू लागलेली असते आणि येथला पाऊस, जो साधारणतः जूनच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास येतो, फारसा दूर नसतो. आमच्याकडेही आता मंडळी वडाची पूजा आटोपून परत येईपर्यंतच्या वेळात दोन्ही पाती बदलून होतात.