एका सर्व्हरवरील स्मृतीची वाटणी



निपाणीहून कागलकडे जाताना सीमा ओलांडली की पहाणीचा सातबारा होतो. उताऱ्याचे नाव बदलते. मात्र दोन्हीकडच्या नोंदी आता संगणकात आहेत. कर्नाटकाने 'भूमी' योजनेत अशा सुमारे 2 कोटी नोंदी संगणकात उतरविल्या. अशा नोंदींच्या सुव्यवस्थित साठ्यास डेटाबेस म्हणतात, आणि अनेकांना एकाच वेळी तो पुरविणारा संगणक म्हणजे सर्व्हर होय.

डेटाबेस सांभाळणाऱ्या प्रणालीच्या एकाहून अधिक प्रती एकाच सर्व्हरवर स्वतंत्रपणे चालविता येतात. अशा प्रत्येक प्रतीस इन्स्टन्स म्हणतात. अडचण येते ती स्मृतीची, म्हणजे मेमरीची.

तंबाखूच्या वखारीचे उदाहरण घेऊ. तीन व्यापाऱ्यांस एकच वखार दिली आणि कोणाची जागा किती हे ठरविलेच नाही, तर पहिला येणारा आपली पोती ऐसपैस रचील. मागाहून येणाऱ्यास दारातच उभे राहावे लागेल.

'एसक्यूएल सर्व्हर' ही प्रणाली नेमके असेच वागते. डिस्कवरून वाचलेला मजकूर ती मेमरीत ठेवून देते. कारण डिस्क फार मंद. हा दोष नव्हे, शहाणपणच आहे. परंतु तिची मूळ कमाल मर्यादा 2,14,74,83,647 मेगाबाइट, म्हणजे मर्यादा नसल्यासारखीच! निरनिराळ्या इन्स्टन्समध्ये समतोल राखण्याचा यत्नही ती करीत नाही.

म्हणून मर्यादा आपण घालावयाची. समजा, एका शिक्षणसंस्थेच्या सर्व्हरवर 64 गिगाबाइट मेमरी आहे. प्रथम 10 गिगाबाइट संगणकाच्या मूळ कार्यप्रणालीसाठी राखावी. तिचीच उपासमार झाली तर सारेच रखडते. उरलेल्या 54 पैकी निकालाच्या इन्स्टन्सला 26, प्रवेशाला 18 व ग्रंथालयाला 10 द्यावी. समान वाटणी दिसावयास न्याय्य, पण ग्रंथालयाची अर्धी मेमरी पडून राहील आणि निकाल मात्र खोळंबेल. मी कलाशाखेचा पदवीधर. तरी एवढा हिशेब मलाही पटतो.

या पद्धतीतही एक उणीव आहेच. एक इन्स्टन्स बंद असली तरी तिचा वाटा इतरांस वापरता येत नाही. तथापि ऐन निकालाच्या दिवशी सर्वच अडून बसण्यापेक्षा हे नुकसान मला परवडते. शिवाय मर्यादा बदलण्यास सर्व्हर बंद करावा लागत नाही. जूनमध्ये प्रवेशाची गर्दी झाली की निकालाचे 8 कमी करून ते प्रवेशास द्यावेत. मात्र आधी कमी करावे, मग वाढवावे. नाहीतर बेरीज 54 च्या पुढे जाते.