संगणक सुरू करणारी राखीव डिस्क

कार्यालयातील संगणक एके सकाळी सुरूच होत नाही. काळ्या पडद्यावर एखादी इंग्रजी ओळ उमटते आणि पुढे काही घडत नाही. अशा वेळी जन्म-मृत्यूच्या नोंदी, घरपट्टीची मागणी, विद्यार्थ्यांचे निकाल असे सारे दप्तर नष्ट झाले, असा समज करून घेतला जातो. पुष्कळदा तो खरा नसतो. दप्तर हार्ड डिस्कवर जागच्या जागी असते. बिघडलेला असतो तो केवळ तेथवर नेणारा आरंभीचा मार्ग. घाईने डिस्क फॉरमॅट करणे हाच अशा प्रसंगीचा खरा धोका होय.

बायॉस पद्धतीच्या संगणकात डिस्कचा पहिला भाग ५१२ बाइटांचा असतो. त्यातील ४४६ बाइटांत आरंभक सूचना व पुढील ६४ बाइटांत डिस्कच्या विभागांचा तक्ता असतो. एवढ्याशा जागेत फारसे काही मावत नसल्याने हा आरंभक पुढील मोठ्या प्रोग्रॅमला पाचारण करतो. लिनक्समध्ये हा प्रोग्रॅम बहुधा ‘ग्रब’ असतो. सी-डॅकने विकसित केलेली ‘बॉस’ प्रणाली डेबियन लिनक्सवर आधारलेली असल्याने तिलाही हे विवेचन लागू पडते. त्याच संगणकावर विंडोज नव्याने बसविल्यास आरंभक सूचना पुसल्या जातात आणि लिनक्स नाहीसे झाल्यासारखे वाटते.

एमएस-डॉसच्या काळी ‘सिस’ ही आज्ञा देऊन आरंभाची फ्लॉपी तयार करीत. आज ते काम पेन ड्राइव्हवर होते. मात्र संगणक धड चालत असतानाच ते उरकले पाहिजे.

प्रथम टर्मिनल उघडून ‘एलएसबीएलके’ ही आज्ञा द्यावी. (येथील सर्व आज्ञा रोमन लिपीतील लहान अक्षरांत टंकित करावयाच्या आहेत.) जोडलेल्या डिस्कांची यादी आकारासह दिसते. ५०० जीबीची ‘एसडीए’ ही मुख्य डिस्क आणि १६ जीबीची ‘एसडीबी’ हा पेन ड्राइव्ह, असे समजू. ‘एसडीबी’खाली ‘एसडीबी१’ हा विभाग दिसत नसेल, तर तो पेन ड्राइव्ह या कामी घेऊ नये. त्यानंतर पुढील दोन आज्ञा द्याव्यात :

सुडो माउंट /डेव्ह/एसडीबी१ /एमएनटी

सुडो ग्रब-इन्स्टॉल --बूट-डिरेक्टरी=/एमएनटी/बूट /डेव्ह/एसडीबी

पहिल्या आज्ञेने पेन ड्राइव्हचा विभाग ‘एमएनटी’ या जागी जोडला जातो. दुसरीने ग्रबच्या फाइली त्या विभागात व आरंभक सूचना पेन ड्राइव्हच्या प्रारंभी लिहिल्या जातात. दुसऱ्या आज्ञेत शेवटी विभागाचा आकडा नाही, हे ध्यानात घ्यावे. तेथे ‘बी’ऐवजी ‘ए’ टंकित झाल्यास आरंभक सूचना मुख्य डिस्कवर लिहिल्या जातील आणि पेन ड्राइव्ह काढताच चांगला संगणकही सुरू होईनासा होईल. एका अक्षराचा हा प्रश्न असल्याने दुसऱ्या कर्मचाऱ्याने यादी ताडून पाहणे इष्ट. नव्या यूईएफआय पद्धतीच्या संगणकांची मांडणी वेगळी असते. त्यांना ही कृती जशीच्या तशी लागू नाही.

तयार पेन ड्राइव्हची परीक्षा त्याच दिवशी घ्यावी. संगणक सुरू करताना आरंभाचे साधन निवडण्याची कळ दाबावी लागते. ती उत्पादकागणिक निराळी असते. ती शोधून पेन ड्राइव्हच्या चिठ्ठीवरच लिहून ठेवावी, कारण ऐन अडचणीत नेमकी तीच आठवत नाही. ‘ग्रब’ ही खूण दिसताच ‘एलएस’ आज्ञेने डिस्का पाहाव्यात. येथे पेन ड्राइव्ह बहुधा ‘एचडी०’ आणि मुख्य डिस्क ‘एचडी१’ असते. पहिल्या विभागात लिनक्स असल्यास पुढील आज्ञेने नेहमीची यादी पडद्यावर येते :

कॉन्फिगफाइल (एचडी१,एमएसडॉस१)/बूट/ग्रब/ग्रब.सीएफजी

प्रत्यक्ष बिघाडाच्या वेळी याच मार्गाने लिनक्स सुरू झाल्यावर आधी दप्तराची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. मग ‘सुडो ग्रब-इन्स्टॉल /डेव्ह/एसडीए’ या आज्ञेने मुख्य डिस्कवरील आरंभक पुन्हा बसवावा. पेन ड्राइव्ह लावून संगणक सुरू केल्यामुळे ‘एसडीए’ व ‘एसडीबी’ या नावांची अदलाबदल झालेली असू शकते. यास्तव ही आज्ञा देण्यापूर्वी ‘एलएसबीएलके’ची यादी पुन्हा एकदा पाहावी.