बंड कशाला म्हणावे?

लोणावळ्यास धनिकांचे टोलेजंग बंगले आहेत. त्याच मावळात कातकऱ्यांची चंद्रमौळी खोपटीही आहेत. असा भेद पाहून पेटून उठणारी मुले कुमारांसाठी लिहिलेल्या कथाकादंबऱ्यांत पुष्कळदा भेटतात. कोणी घर सोडतो, कोणी वडीलधाऱ्यांस उलट उत्तर देतो. वाचताना आपलेही रक्त सळसळते. पण खरे बंड एवढेच असते काय?

पुण्याच्या मुक्ता साळवेची हकीकत पाहा. ती मांग समाजातील, वयाने तुमच्याच आसपासची. तिच्या समाजास पिढ्यान्‌पिढ्या विद्येचे दार बंद होते. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत ती शिकली आणि तिने महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. १८५५ साली तो ‘ज्ञानोदय’ पत्रात प्रसिद्ध झाला. वेद पाहण्याचाही अधिकार आम्हांस नाही, तर आमचा धर्म कोणता, असा सवाल तिने त्यात निर्भयपणे केला. आपल्या बांधवांना विद्या शिकण्याची कळकळीची विनंतीही केली.

मुलांनो, अन्याय दिसला की राग येणे स्वाभाविक आहे. परंतु त्या रागाला शब्द देण्यासाठी विद्या लागते. मुक्ताजवळ ती होती; म्हणून तिचा प्रश्न आजही आपल्यापर्यंत पोहोचतो.