रक्तात उमटणारी फुप्फुसाची खूण

मुरबाड तालुक्यातील काळू नदीचे पाणी पावसाळ्यात एकाएकी तांबडे झाले, की काठावरचा माणूस सांगतो, "माळशेजकडे पाऊस कोसळला." पण माती नेमकी कोणत्या उतारावरून सुटली, हे त्या पाण्यावरून कळत नाही. त्यासाठी डोंगरच चढावा लागतो. काही रक्ततपासण्यांचेही असेच आहे.

आपले एक नख दाबून सोडा. पांढरे पडलेले नख क्षणात गुलाबी होते, कारण बारीक रक्तवाहिन्यांत रक्त परत येते. काही माणसांच्या बोटांतील या वाहिन्या गारठ्याने इतक्या आकसतात, की बोटे आधी पांढरी, मग निळसर आणि शेवटी लाल होतात. मॉरिस रेनॉ या फ्रेंच डॉक्टरांनी १८६२ साली याचे वर्णन केले. शहापूरच्या थंडीत तुमची बोटे गारठली तर घाबरू नका; हा त्रास बहुतेकांना निरुपद्रवीच असतो. थोड्यांच्या बाबतीत मात्र ती सिस्टेमिक स्क्लेरोसिस या विरळ रोगाची पहिली चाहूल ठरते. शरीराची संरक्षक यंत्रणा आपल्याच पेशींवर उलटते, कोलॅजेन हे तंतुमय प्रथिन वाजवीपेक्षा जास्त साठते आणि कातडी ताठर होते. कातडी डोळ्यांना दिसते, फुप्फुस दिसत नाही. आणि या रोगात जीव जातो तो पुष्कळदा फुप्फुसामुळेच.

म्हणून रक्तात खुणा शोधतात. पहिली खूण प्रतिपिंडांची. पेशीकेंद्रातील डी.एन.ए.चा पीळ सोडवणाऱ्या एन्झाइमविरुद्ध प्रतिपिंडे सापडली, तर फुप्फुस तंतुमय होण्याचा धोका अधिक. गुणसूत्राच्या सेंट्रोमिअरविरुद्धची असली, तर हा धोका कमी. पण पुढे फुप्फुसाच्या धमनीतील दाब वाढू शकतो. मुंबईत परळला, के.ई.एम. रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत अशा प्रतिपिंडांचा अभ्यास झाला आहे.

ही खूण धोका सांगते, इजा नव्हे. इजेची खूण निराळी. वायुकोशांच्या भिंतीतील पेशींवर के.एल.-६ नावाचे एक मोठे प्रथिन असते. भिंत दुखावली, की ते झिरपून रक्तात येते. नदीतली तांबडी माती ती हीच! गंमत अशी, की १९८० च्या दशकात जपानी संशोधक कर्करोगाची खूण शोधत होते, त्यांना हे प्रथिन सापडले. मात्र ते इतर फुप्फुसविकारांतही वाढते. आपल्याकडे खोकला व दम म्हटले की आधी क्षयाची शंका येते, आणि ती तपासलीच पाहिजे.

तेव्हा डोंगर चढणे आलेच. सी.टी. स्कॅनमध्ये तंतुमय भाग दिसतो. शिवाय रुग्णाला पूर्ण श्वास घेऊन यंत्रात जोराने फुंकायला सांगतात. समजा, गेल्या वर्षी २.४ लिटर हवा बाहेर पडली आणि यंदा २.१ लिटर. घट ०.३ लिटरची, म्हणजे साडेबारा टक्के. दहा टक्क्यांवरची घट डॉक्टर गंभीर मानतात. तंतुमय झालेला भाग सहसा पूर्ववत होत नाही. औषधांनी पुढची घसरण मंदावता येते. म्हणूनच दम लागत नसतानाही ही फुंकर ठरावीक महिन्यांनी पुन्हा मोजतात.